महालक्ष्म्या आल्या, मग विमावाले आले

धरमपेठ, नागपूर
भाद्रपद, १९७८

विम्याचे ठोंबरे साहेब,

नमस्कार लिहायले हात होत नाही, तरी लिहिते.

"नुकसान आढळले नाही" असं लिहून तुमी आमचा क्लेम नामंजूर केला. काहून, साहेब? नाल्याचं पाणी घरात खिडकीपर्यंत चढलं होतं. गाद्या, रेडिओ, माझ्या लग्नातलं कपाट, सारं चिखलात गेलं. आमचे हे म्हणे, विमावाले पाहून जाईपर्यंत कशाले हात लावू नको. पण तुमी येऊनच नाही राहिले, अन् महालक्ष्म्या दारात आल्या. त्यांले चिखलात बसवू काय? मी अन् सासूबाईनं गाद्या उकिरड्यावर टाकल्या, फुगलेलं कपाट अन् रेडिओ भंगारवाल्याले दिले, भिंतीले चुना मारला, दारापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढली.

अन् तुमी नेमके जेवणाच्या दिवशी उगवले! मी रडू रडू सांगतलं, पाणी इथवर होतं. तुमी पाटावर बसून दोनदा आंबील मागितली अन् म्हणाले, "वहिनी, घर कसं लख्ख आहे!" तेच रिपोर्टात गेलं.

हे म्हणतात, मोठ्या साहेबाकडे तक्रार कर. तक्रार लिहायले बसली अन् तुमालेच लिहून राहिली. पण हे पत्रही टपालाच्या पेटीत टाकणार नाही. महालक्ष्म्यांच्या पंगतीत जेवलेल्या माणसाच्या पोटावर पाय द्यायचा नसते, असं सासूबाई म्हणतात.

तुमी खाल्ल्या मिठाले जागले नाही, साहेब. मले मात्र वाढल्या मिठाले जागावं लागून राहिलं.

तुमाले आंबील वाढणारी,
प्रयाग ढोबळे