आईला कोणी चालू देत नाही

प्रिय बुरुल एजे,

थोरल्या बहिणीला, माझ्या एजेला, धाकटीचा आदरपूर्वक नमस्कार. तुमची कंबर, दाजींचा रक्तदाब आणि मुलं ठीक असतील. आमच्या मेंढ्या मजेत आहेत. (आईबद्दल असं लिहिता आलं असतं तर पत्र इथेच संपलं असतं.)

आईच्या पायाची रक्तवाहिनी बुजत चालली आहे. नारीन शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, रोज दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. पोटरी उपाशी पडली की हाक मारते आणि शरीर नव्या बारीक रक्तवाहिन्या धाडतं. तरुणपणी ही हाक लगेच ऐकू जाते, म्हातारपणी फार उशिरा, म्हणून खाडा चालणार नाही. बर्फ पडायच्या आत फरक दिसला नाही तर पायाची शाश्वती नाही.

आता आपल्या गावात म्हाताऱ्या माणसाला कोणी चालू देतं का? पहिल्याच दिवशी शेजारच्या सातिबाल्दीनं गाडी थांबवली. "काय गं अनारकुल, आई पायी आणि तू मागून हात हलवत? लाज सोडलीस?" मी रक्तवाहिन्यांचं सांगेपर्यंत आई पुढच्या सीटवर बसून डोक्याचा रुमाल सारखा करत होती. मग पहाटे न्यायला लागले. पहाटे गाड्या नसतात, पण धारा काढणाऱ्या बायका असतात. प्रत्येक फाटकातून पाव पुढे येतो, आणि तुकडा न मोडता जाणं म्हणजे त्या घराचा अपमान. पावावर साय, सायीमागून चहा. (आईचं वजन वाढलंय. पोटाला हाक लगेच ऐकू जाते.) शेवटी गावामागच्या पाटाकडेनं नेलं. पोटरी दुखू लागली, आई थांबली, मी आनंदानं रडायच्या बेतात. तेवढ्यात एक गुराखी घोड्यावरून उतरला आणि आईला वर बसवून घरी घेऊन निघाला. मी मागून पायी. या घरात नव्या रक्तवाहिन्या फुटत असतील तर त्या माझ्याच.

मोजे चढवताना तिची पावलं गार लागतात. मी ती हातांत धरून बसते. ती म्हणते, "लोक चांगले आहेत गं." एजे, त्याचंच तर मला रडू येतं.

तुमची धाकटी,
अनारकुल

ता. क. आईला तुमच्याकडे बिश्केकला न्या. तुमच्या इमारतीत कोणी कोणाला ओळखत नाही, पाव पुढे करत नाही, अशी तुमचीच तक्रार असते. तिच्या पायाला तेच हवंय.

आणखी एक. आईनं पत्र वाचून घेतलं. यायला तयार आहे, बोचकंही बांधलं. फक्त एवढं लिही म्हणते: बस थांबते तिथून तुमचं घर दोन गल्ल्या लांब, तेव्हा जावयाला गाडी घेऊन पाठवा. म्हातारीला पायी आणलेली बघून तुमचे शेजारी काय म्हणतील?