टेकडीचा जुना फोटो, आजची जागा

प्रिय बाबा, नमस्कार.

१. युद्धातल्या फोटोतली टेकडी काल सापडली.
२. फोटोत आजोबांच्या तुकडीने आपले मृत जिथे पुरले, तिथे आता गोदामाचा पाया घालणार आहेत.
३. काम शुक्रवारपर्यंत थांबवलं आहे.

मी बरी आहे, वेळेवर जेवते, आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे? फोन केला की आजी तुमच्या शेजारीच बसलेली असते, म्हणून लिहिते.

ओढा, झाडं काहीच उरलेलं नाही. मागचे दोन सुळके फोटोत एकमेकांना चिकटलेले दिसतात, तसे दिसेपर्यंत मी कॅमेरा घेऊन सरकत राहिले. मुकादम हसला, "ताई, डोंगराशी फुगडी घालताय का?" जागा दाखवल्यावर मात्र त्याने स्वतःच यंत्र बंद केलं.

युद्धातून न परतलेले आजोबा तिथेच असतील असं मी म्हणत नाही. हाडं निघाली तर ओळख पटवायला मुलाचं, म्हणजे तुमचं रक्त लागेल; खणण्याआधी तुमची संमती. हाडं त्यांचीच निघाली, तर आजीचं वाट पाहणं संपेल. ते तिला सोसेल का, हे मला मोजता येत नाही. तिला विचारल्याशिवाय ठरवू नका.

नाही म्हणालात, तर शनिवारी तिथे काँक्रीट पडेल.

गुरुवारपर्यंत हो की नाही, तेवढं कळवा.

तुमची,
धाकटी