भिंतीबाहेरचा प्रयोग

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी जाड सुती दोर दिसला की माझ्या पायाचा अंगठा आपोआप ताठ होतो. आज जळगावच्या बाजारात तसंच झालं, आणि वाटलं तुमच्याशी बोलावं.

धुळ्याच्या त्या सुधारशाळेत आम्हा उनाड पोरांना दोरीचा मल्लखांब शिकवायला तुम्ही आलात, तेव्हा सुपरिंटेंडेंट साहेब हबकलेच. "अहो, चोरांना चढायला शिकवता?" तुम्ही म्हणालात, "चढता त्यासले येसच, साहेब. मी उतरानं शिकाडस." एक जरी पोरगा भिंतीपलीकडे दिसला तर दोरही जाईल आणि तुम्हीही, असं साहेबांनी बजावलं. तुम्ही मान डोलावून निंबाच्या फांदीला दोर बांधलात. ती फांदी भिंतीवरून पार रस्त्यावर गेलेली होती, हे तुमच्याआधी आम्ही हेरलं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझा दोस्त. मी चाळीसगावला मालगाडीतली केळी लांबवताना सापडलेला, तो हलवायाच्या दुकानात पेढे खाताना. त्याला पळता आलं असतं, पण परात संपायची होती. पळायच्या दिवशी त्यानं जेवताना दोन भाकरी जास्त मागून सदऱ्यात कोंबल्या. तुम्ही तेव्हाच ओळखलं असणार.

उन्हाळ्याची दुपार. शाळा घोरतेय. आम्ही दोर चढून फांदीवर जातो, दोर वर ओढतो आणि रस्त्याच्या बाजूला सोडतो. मी सरसर उतरतो, तर भिंतीच्या सावलीत तुम्ही बिडी ओढत बसलेले.

"तुना पायना अंगठा सुटी गया व्हता," तुम्ही म्हणता. "परत चढ. मी आठेच शे."

तुम्ही तिथंच बसून राहता आणि मी परत चढू लागतो. वरून दोस्त उतरत असतो, त्याला यातलं काहीच माहीत नाही. मधोमध आमची टक्कर होते, त्याचा पाय दोरात अडकतो आणि तो उलटा लोंबकळतो. सदऱ्यातल्या भाकरी खाली पडतात. येणारी-जाणारी माणसं थांबतात, आणि नेमका साहेबांचा टांगाही.

"नाना, हे काय चाललंय?"

"प्रयोग शे, साहेब."

"भिंतीच्या बाहेर?"

"आत कोन देखी?" असं म्हणून तुम्ही लोकांकडे वळलात. "हाई वटवाघूळ. भलतंच कठीण शे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोस्तानं उलटं लोंबकळतच सगळ्यांना नमस्कार केला. शेवटी साहेबांनीही दोन टाळ्या वाजवल्या. पुढं दर महिन्याला रस्त्यावर प्रयोग होऊ लागला. वटवाघूळ मात्र त्याला पहिल्यासारखं पुन्हा कधी जमलं नाही.

आत आल्यावर तुम्ही आम्हाला रागावला नाहीत. आमचे सोललेले तळहात पाहिलेत आणि तेल चोळायला घेतलंत. चोळून झालं तरी तुम्ही आमचे हात सोडले नाहीत. साहेबांनी ओळखलं असतं तर दोरही गेला असता आणि तुम्हीही, ते मला तिथं कळलं.

पुढं मी तारखात्यात लागलो, जन्मभर खांबांवर चढलो. एकदाही पडलो नाही. तुम्ही गेल्याची बातमीसुद्धा मला खांबावर असतानाच खालून कुणीतरी ओरडून सांगितली. मी सावकाश उतरलो, तुम्ही शिकवलं होतं तसा.

हा कागद कुठं पाठवणार? पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती, ती लिहितो. त्या दुपारी तुम्ही भेटला नसतात, तरी दिवेलागणीपर्यंत मी परत चढून आत आलो असतो. भिंतीबाहेर पडायचं तेवढं ठरवलं होतं. तिथून पुढं जायला मला कुठलंच घर नव्हतं.