पूर्ण शांती

आई, त्यांना आत नेऊन दीड तास झाला. मी ठाण्याच्या हॉस्पिटलात बाकावर बसले आहे आणि एक्स-रेच्या पाकिटाच्या मागे हे लिहिते आहे. तू पाहिलेला तुझा जावई डोंबिवलीला तीन जिने चढून गॅसचा सिलिंडर एकटा वर आणायचा. आता मणक्यात गाठ आहे. एक डॉक्टर म्हणाले, लगेच काढा, नाहीतर पाय जातील. दुसरे म्हणाले, काढतानाच पाय जाऊ शकतात, थांबा. दोघेही नावाजलेले, दोघेही सभ्य. ठरवायला आठ दिवस होते.

आपल्या चर्चच्या लोकांत अशा वेळी काय विचारतात ते तुला सांगायला नको. मुलीचं लग्न असो की नोकरी सोडणं असो, प्रार्थना करायची आणि मग पाहायचं, मनात शांती आहे का. असेल तर प्रभूची संमती. नसेल तर थांबायचं. गुरुवारच्या बायकांच्या प्रार्थनेत वीस वर्षं मी हाच प्रश्न विचारत आले, तोही दरडावून. कोणी घुटमळली की मी म्हणायचे, "गुडघ्यावर नीट बसलीस का? मग शांती कशी नाही?" या आठ दिवसांत मी गुडघ्यावर बसले, उपास केले, शास्त्र उघडलं. काही आलं नाही, शांती तर नाहीच. रविवारी उपासनेहून आल्यावर चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "तुला शांती आहे?" मी आमटीला फोडणी देत होते. वळून न बघता मी म्हणाले, "आहे. करून टाकू." "मग झालं," म्हणून त्यांनी पेपर उघडला. सोमवारी ऑपरेशनच्या कागदावर त्यांनी सही केली, खाली मी केली. कळव्याच्या ताई आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत वडील, त्यांनी फोनवर तेच विचारलं. "हो ताई, पूर्ण शांती आहे." त्यातला 'पूर्ण' माझा. तो कोणी मागितला नव्हता.

तेव्हापासून मला आपली कोपरीची जुनी खोली दिसते. बाबांची कोलशेतची कंपनी बंद होऊन वर्ष होत आलंय. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. तू दवाखान्यातली ड्यूटी करून आलीस आणि पदर खोचून भाकऱ्या थापते आहेस. धाकट्याला नगरच्या बोर्डिंगात ठेवायचं तू ठरवलं आहेस. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, चर्चच्या तरुण संघाची सेक्रेटरी. मी विचारते, "आई, तुला शांती आहे?"

"नाही."

"मग पाठवू नये. प्रभूची इच्छा नसेल."

"तुला बरी कळते त्याची इच्छा. मला तर नऊ वर्षांच्या पोराला तिथे सोडायचं म्हटलं की घास उतरत नाही."

"मग तुझा विश्वास कुठे गेला?"

तू परात बाजूला सरकवलीस. "हे बघ शहाणे, पोटात गोळा आला म्हणजे विश्वास गेला असं नसतं. मला काही समजत नाहीये, आणि मी प्रभूला तसंच सांगितलंय. तो रागावलाय असं वाटलं नाही. सोमवारी निघायचंय. पोराच्या शर्टाची बटणं लावून टाक, तेवढी सेवा कर प्रभूची."

मी बटणं लावली, दातओठ खात. पुढच्या सभेत उभी राहून म्हणाले, माझ्या आईच्या अल्पविश्वासासाठी प्रार्थना करा. तुला कोणीतरी सांगितलंच असणार. तू कधी विषय काढला नाहीस. धाकटा दोन वर्षं तुझ्याशी धड बोलला नाही. पुढे चांगला निघाला, पण त्यावरून तू बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही. बिघडलाही असता. काही न कळता तू पोर प्रभूच्या हातात दिलंस आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेलीस. मी त्याला अल्पविश्वास म्हणाले.

आज सकाळी स्ट्रेचर आलं तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "अहो, मी खोटं बोलले. मला शांती नव्हती. अजून नाही. नको असेल तर सांगा, आत्ता थांबवते."

त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"शांती असलेली बाई एका आठवड्यात तीनदा माळा साफ करत नाही."

"मग सही का केलीत?"

"मला वाटायचं, प्रभू तुझ्याशी बोलतो आणि मलाच गाळतो. तू खोटं बोललीस तेव्हा कळलं, तुलाही काही सांगितलेलं नाही. बरं वाटलं गं मला. म्हटलं, आपण दोघं एकाच रांगेत आहोत."

सिस्टर म्हणाली, "आजी, बाजूला व्हा." मला कोणी आजी म्हटलेलं खपत नाही, पण मी झाले बाजूला.

आता कोणी बाहेर आलं की सगळे नातेवाईक उभे राहतात, मीही राहते. अजून आमचं नाव पुकारलेलं नाही. हे पाकीट फाइलमध्ये परत जाईल. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, कुठे पाठवणार?

एक सांगायचं राहिलं. बायकांना मी शिकवत आले की प्रत्येक विनंतीच्या शेवटी 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणायचं, नाहीतर ती प्रार्थना राहत नाही, हट्ट होतो. दार बंद झाल्यावर मी डोळे मिटले आणि म्हणाले, त्यांना परत दे, पायांसकट दे. मागितलं त्याच्याकडेच, दुसऱ्या कोणाकडे मागणार. पण ते शेवटचं वाक्य मी अजून म्हटलेलं नाही.