कडी न वाजवता

प्रिय अप्पा,

पत्र बघून घाबरू नका, मी ठणठणीत आहे. आई म्हणाली, तुम्ही स्कूटरची किल्ली तिच्याकडे देऊन टाकलीत आणि गॅस बंद आहे का ते दोनदा उठून बघता. सोसायटीच्या सेक्रेटरीपदाचा राजीनामाही दिलात. ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही.

आपलं पालेगावचं जुनं घर आठवतं का, असं विचारायचीही आता मला चोरी झाली आहे. शेजारच्या जनाबाईंचं दार दिवसभर उघडंच असायचं. मी एकदा थेट त्यांच्या चुलीपर्यंत धावत गेले, तर तुम्ही मला अंगणात परत बोलावलंत, कडी वाजवायला लावलीत आणि आतून ‘ये गो’ ऐकू आल्यावरच सोडलंत. सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा तुम्ही कडी वाजवून थांबायचात. मला तो नुसता हट्ट वाटायचा.

दिवाळीत तुमच्या कॉम्प्युटरवर मी ते सॉफ्टवेअर टाकलं, पुण्यात बसून तुमचं मशीन चालवता यावं म्हणून. ते दोन तऱ्हांनी चालवता येतं. एका तऱ्हेत मी यायच्या आधी तुमच्या पडद्यावर चौकट येते, आत येऊ का म्हणून, आणि तुम्ही ‘हो’ दाबल्याशिवाय मला शिरता येत नाही. आधी तसंच ठेवलं होतं. पण तुम्ही चष्मा शोधणार, मग फोन करून ‘आलीस का गं, ये’ म्हणणार, मग वांगणीच्या मावशीची खबर सांगणार. मला घाई असायची. संक्रांतीनंतर मी दुसरी तऱ्हा निवडली, न विचारता शिरायची. ऑफिसची मशिनं आम्ही तशीच चालवतो. तुम्हाला सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला समजावत आले. खरं तर मी सांगितलंच नाही.

मग सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात की मी शिरायचे. पसारा आवरायचे, फायलींची नावं बदलायचे, एकाच कागदाच्या चार प्रती दिसल्या की बाकीच्या उडवायचे. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरच्या पाळ्यांचा तक्ता मीच दुसरीकडे हलवला. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तो तुम्हाला सापडला नाही, हेमंतकाका हसले, आणि तुम्ही म्हणालात, माझंच डोकं आता चालत नाही. हे मला आईकडून कळलं.

परवा फोनवर सांगणारच होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, मला काहीतरी विचार, बघू आठवतं का. मी माझ्या पहिलीच्या बाईंचं नाव विचारलं. तुम्ही बरोबर सांगितलंत, वर त्यांच्या मुलाचंही सांगितलंत. आणि मी काय केलं, तर ‘वा अप्पा’ म्हणून फोन ठेवला. मला माझी लाज वाटते.

सोमवारी अंबरनाथ पश्चिमेला डॉक्टरांकडे नंबर लावलाय म्हणे, विसरायला होतं म्हणून. त्याआधी पोचावं म्हणून हे लिहिलं. तोंडानं सांगायला गेले तर पुन्हा कच खाईन. अप्पा, तुम्ही काहीही विसरलेला नाहीत. तक्ता होता तिथे ठेवलाय, त्यासाठी शेवटची न विचारता शिरले. हे पत्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन वाचा आणि स्कूटरची किल्ली परत मागून घ्या. सॉफ्टवेअर मी पुन्हा पहिल्या तऱ्हेवर आणलंय. रविवारी तुमच्या पडद्यावर चौकट येईल. ‘नाही’चं बटणही तिथंच आहे. तुम्हाला वाटेल ते दाबा, तोवर मी थांबेन.

तुमचीच,
शलाका