लंगडीच्या पिल्लांची पाचवी

आई, आज शुक्रवार आहे आणि गल्लीतले यंत्रमागाचे कारखाने बंद आहेत. बाकीचे सहा दिवस इथे माणूस माणसाशी ओरडूनच बोलतो. नवीन पाहुणा आला की त्याला वाटायचं, आपल्या घरात भांडण चाललंय. पडघ्याकडच्या गावातून लग्न होऊन तू निजामपुऱ्यात आलीस तेव्हा मागांच्या खटखटीने आठवडाभर तुझा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि पुढे माहेरी गेलीस की तिथल्या शांततेने झोप यायची नाही, हे तूच हसत सांगायचीस. माझंही आता तसंच झालंय. शुक्रवारी वीज बंद, माग बंद, पायाखालची फरशी थरथरायची थांबते, आणि माझे कान आपोआप मागच्या दाराकडे जातात. लंगडीच्या पिल्लांपासूनची ही खोड. त्या पिल्लांबद्दल आपण दोघी नंतर कधी बोललो नाही. मी विषय काढला की तुला लगेच दूध उतू जाताना दिसायचं. आता तू रागावलीस तरी मला कळायचं नाही, म्हणून लिहिते.

मी सहावीत होते. आदल्या पावसाळ्यात माझा भाऊ जन्मला आणि पाचवी पुजायच्या आधीच दवाखान्यातच वारला. बाबा शाळेतून रजा टाकून गेले, त्याला एकटेच कुठेतरी ठेवून आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेच्या ऑफिसात कारकुनी करायला बसले. तू रिक्षातून उतरलीस तेव्हा हातात फक्त पिशवी होती. त्याच्यासाठी तू जुन्या साड्यांचं दुपटं शिवलं होतंस, ते कपाटात सगळ्यात खाली गेलं. त्यानंतर तू सगळं करायचीस. भाकऱ्या, धुणं, बाबांचा डबा, माझ्या वेण्या. पण तू घरात नसायचीस. एका हाकेला तू कधी ओ दिली नाहीस. मला भाऊ हवा होता असं काही नाही, खोटं कशाला बोलू. मला तू परत हवी होतीस, एवढंच.

आणि मग लंगडी व्याली. गल्लीतली ती तांबूस कुत्री, मागचा एक पाय ओढत चालणारी, तिने आपल्या मागच्या दाराशी सुताच्या कचऱ्याच्या ढिगात चार पिल्लं घातली. गल्लीत कुत्री व्याली की बायका तिला गुळाचा शिरा करून घालतात, बाळंतीण ती बाळंतीण. कुणी रवा दिला, कुणी गूळ, शेजारच्या चाचीने तेल दिलं, आणि कुणी सांगायच्या आत तू स्टोव्ह पेटवलास. किती महिन्यांनी तुला आपण होऊन उठताना पाहिलं मी. लंगडी ताटली चाटून पुसून खायची आणि तू उंबऱ्यावर बसून तिच्याशी बोलायचीस, "खा गो बाय, अंगावर दूध यायला पायजे." मला त्या कुत्रीचा थोडा रागच आला. माझ्याशी इतकं बोलली नव्हतीस.

बुधवारी तागे भरलेला टेम्पो मागे घेताना लंगडी चाकाखाली आली. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. बाबा म्हणाले, राहू दे, निसर्ग आहे. तू त्यांच्याकडे असं पाहिलंस की त्यांनी पेपर उघडला. तू सुताचा रिकामा खोका आणलास, तांब्यात गरम पाणी घालून तो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलास आणि पिल्लांच्या मधोमध ठेवलास. चाचीच्या शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजायचं, मग ओल्या फडक्याने त्यांची पोटं पुसायची, आई चाटते तशी, म्हणजे ती मुततात. हे सगळं तुला माहीत होतं आणि मला ते करताना हाताला धरून शिकवलंस. पण पिल्लं पीत नव्हती. दूध जबड्यातून बाहेर यायचं. शुक्रवारी सकाळी काळं पिल्लू गार पडलेलं मिळालं. तू ते ओटीत घेऊन बसलीस आणि म्हणालीस, "पाचवी न्हाय पुजली तर जगनार कशी? त्याची पन न्हाय पुजली." त्याची म्हणजे कुणाची, हे मला कळलं.

त्याच दुपारी तू पाचवी मांडलीस. पाचवी संध्याकाळी पुजतात, पण तू म्हणालीस की कारखाने बंद हायेत तवाच बोलवायला पायजे, एरवी ऐकू कसं जाईल. पाट्यावर वरवंटा उभा केलास, त्याला हळदकुंकू लावलंस, सटवीने नशीब लिहावं म्हणून माझ्या वहीचा कोरा कागद आणि पेन ठेवलंस. कुत्र्यांच्या नशिबात लिहायला कितीसं असणार, असं माझ्या मनात आलं होतं, पण बोलायची टाप नव्हती. मग तू कपाटातून ते दुपटं काढलंस आणि पिल्लांखाली अंथरलंस. आणि मग तू थांबलीस. पूजेला बाळंतीण लागते. तू शिऱ्याची ताटली भरून लंगडीच्या जागी ठेवलीस, मागचं दार सताड उघडलंस आणि बाहेरच्या उन्हाकडे बघून म्हणालीस, "ये गो. तुझी पोरं हायेत. ये नि घे त्यांना." बाळंतिणीला पाटावर बोलवावं तसं, अगदी रीतसर. पण शेवटचं वाक्य तू पिल्लांकडे बघून बोलली नाहीस, दुपट्याकडे बघून बोललीस.

काही झालं नाही. ऊन, माश्या, लांबून कुणाचा तरी ट्रान्झिस्टर. तू भिंतीला टेकून डोळे मिटलेस. मी खोक्यापाशी बसलेय. आणि मला फरशीवर नखं ऐकू येतात. टक, टक, टक, आणि मग एक फरपट. टक, टक, टक, फरपट. मागच्या दारापासून खोक्यापर्यंत. दारात कुणी नाही. तिन्ही पिल्लं एकदम जागी होऊन एकाच कुशीला सरकतात, जिथे काहीच नाही तिथे तोंडं खुपसतात आणि चुटूचुटू आवाज करायला लागतात, पुढचे पाय आळीपाळीने दाबत. मी तुला हलवलं. तू डोळे न उघडता म्हणालीस, "बघू नको. बाळंतीन पाजत असली की बघू नये." संध्याकाळी लाइट आली, माग सुरू झाले, फरशी थरथरली. पिल्लांची पोटं तट्ट फुगली होती आणि अंगं ओली होती. बाबांनी विचारलं, पाणी कुणी सांडलं? तू म्हणालीस, हिने. माझ्यावर ढकलून मोकळी.

त्या दिवसापासून पिल्लं बोळ्याने दूध प्यायला लागली. डोळे उघडले, पाय फुटले, बाबांच्या चपलांची वाट लावायला लागली. घर जागं झालं खरं, पण तू शुक्रवारची झालीस. आठवडाभर कामं उरकायचीस आणि शुक्रवारी माग थांबले की ते दुपटं मांडीवर पसरून मागच्या दाराशी बसायचीस. जेवायला वाढ म्हटलं तर ऐकू जायचं नाही. नखांचा आवाज दर शुक्रवारी यायचा. पिल्लं मोठी होऊन दूधभाकरी खायला लागली तरी यायचा. एकदा तू मोरीवर गेलीस म्हणून मी दुपट्याजवळ गेले. त्यात खळगा पडला होता, बाळ उचलून घेतल्यावर राहतो तसा, आणि हात लावला तर कोमट. पिल्लं तिन्ही बाहेर अंगणात चप्पल कुरतडत होती. तू मागे येऊन उभी राहिलीस आणि माझ्या हातावर चापट मारलीस. मग स्वतःच सांगितलंस, कुजबुजत, मैत्रिणीला सांगावं तसं, "ती त्याला घेऊन येते. एकटी न्हाय येत."

मी धावत चाचीकडे गेले. तिच्याशिवाय सांगणार कुणाला? बाबांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं. चाची मागाच्या बॉबिनवर सूत भरत बसली होती. तिने सगळं ऐकलं, हात थांबवला नाही, आणि म्हणाली, "बुला तो लिया तेरी माँ ने. बिदा किसने किया?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे गणपती बसवला तर अक्षता वाहून उठवतात. कुणालाही बोलावलं तर त्याला निरोप द्यावा लागतो. तू पाचवीला लंगडीला बोलावलंस आणि निरोप दिलाच नाहीस. आणि ते तू विसरली नव्हतीस. तुझ्यासारखी रीतीभातीची बाई असलं विसरते होय?

पुढच्या शुक्रवारपर्यंत दोन पिल्लं गेली होती. पडघ्याच्या एका ट्रक ड्रायव्हरने एक नेलं, शाळेच्या शिपायाने एक. शेवटचं पांढऱ्या पायाचं घरात होतं. तू पार वाळली होतीस. बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. चाची आली, तुझ्यापुढे तांदळाची वाटी ठेवली आणि म्हणाली, "दे दो रुखसत, बिदा करो उसको. बच्चे पल गए उसके." तू चार दाणे हातात घेतलेस. माग बंद आहेत. टक, टक, टक, फरपट. तुझी मूठ वळलेली. तू म्हणालीस, "घरी आलेल्या बाळंतिनीला जा कशी म्हनू?" आणि मग माझ्याकडे पाहिलंस. तुला काय म्हणायचं होतं ते मी आजवर स्वतःला विचारते. मला तेव्हा वाटलं, तू मला ते म्हणायला सांगते आहेस. मी तुझी मूठ सोडवली, तांदूळ घेतले आणि दाराच्या दिशेने टाकले. "जा आता," मी म्हटलं. "दोघं जा. पिल्लं बरी आहेत. आमची आई आम्हाला लागते."

आवाज थांबला. पांढऱ्या पायाचं पिल्लू उठलं, दारापर्यंत गेलं आणि शेपटी हलवत बाहेर बघत उभं राहिलं. मग नखं वाजली, उलट दिशेने, फार सावकाश, उंबऱ्यावर जराशी अडखळून. तुझ्या मांडीवरचं दुपटं हळूहळू सपाट झालं. मी ते पाहिलं, चाचीने पाहिलं. तू ओरडली नाहीस, रडली नाहीस. दुपट्याची घडी घातलीस, एका टोकाला टोक जुळवून, आणि मला विचारलंस, "तुला भूक लागली काय?" मी हो म्हटलं. नव्हती लागली. तू उठून स्टोव्ह पेटवलास आणि मला पिठलं करून घातलंस.

त्यानंतर तू एका हाकेला ओ द्यायला लागलीस. माझ्या लग्नात तू मला ते दुपटं दिलंस, पेटीत साड्यांच्या खाली. माझी मुलगी त्यात वाढली. तिची पाचवी तू पुजलीस आणि पूजा झाल्यावर अक्षता स्वतः टाकल्यास, माझ्याकडे न बघता. पुढच्या दोन-तीन वर्षांत तू गेलीस. बाबांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून आम्ही इथेच, याच घरात राहायला आलो. आता तेही नाहीत. चाचीही गेली. माग मात्र आहेत.

आता जे सांगायचं ते. तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना. सगळ्यांनी हात जोडून एकेक सांगून झालं. बाबा म्हणाले, मी वेळेवर जेवीन. मामा म्हणाले, पोरीकडे बघू. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी मामाने मला पुढे ढकललं, तुझ्यात जीव होता तिचा, तू सांग, म्हण की जा सुखाने, आम्ही बरे आहोत. मला ते वाक्य पाठ होतं, आई. एकदा म्हटलेलं होतं. मी हात जोडले, ओठ हलवले, सगळ्यांना वाटलं, मी ते म्हणाले. मी मनात म्हटलं, शुक्रवारी ये.

कावळा लगेच शिवला. मागच्या दाराची कडी मी शुक्रवारी लावत नाही.