चिंचेवरच्या लेकी

माय, तुह्या चिंचेखाली रोज दोनदा झाडा लागते मले, अन् पेपरवाले मलेच पक्षीप्रेमी म्हनून राहिले. मी काहीची पक्षीप्रेमी? अंगनात पाय ठेवाले जागा नाही, दोरीवर लुगडं वाळू घालाची सोय नाही. वरून अर्धी खाल्लेली मासोळी टिनावर पडते अन् दुपारी असा वास सुटते का तोंडात घास जात नाही. साऱ्या गावात झाडं हायेत, पन हे ढोक आपल्याच चिंचेवर येतात. तूच लाडावून ठेवलं त्याइले.

औंदा भलतंच झालं. अमरावतीच्या कोन्या पोराने फोटो काढला अन् तो पेपरात आला. पांढरं अंग, पिवळी चोच, शेपटापाशी गुलाबी पाखं, रंगीत छापला म्हनून चांगलाच दिसत होता. चित्रबलाक म्हनतात म्हने ढोकाले. तवापासून दर रविवारी उजाडत नाही त अमरावती-अकोल्याच्या गाड्या दारात. गळ्यात दुर्बिणी, हातभर लांब कॅमेरे. बोलतात अशे हळू जसं घरात कोनी बिमार हाय. मी बादली आपटली का मलेच गप राहाचा इशारा करतात, माह्याच अंगनात.

तेही चाललं असतं. पन फोटोच्या खाली काय लिहिलं ते आयक. शेजारच्या काकीनं त्याइले तुही गोष्ट सांगितली. या घरची म्हातारी म्हने, "ह्या माह्या लेकी हायेत, बाळतपनाले माहेरी आल्या. पिल्लं उडाल्याबिगर यांच्या अंगाले कोनी हात लावाचा नाही." मी चौथीपर्यंतच शिकली, पन बोट ठेवून ठेवून तेवढं वाचलं. मंग पेपर घडी करून पिठाच्या डब्याखाली टाकला.

काकी खोटं बोलली नाही. तू तसंच म्हने. भाऊ लहानपनी फांदी तोडाले चढला त तू त्याचा पाय धरून खाली ओढला होता. पिल्लं असली का अंगनातली चूल तू मांगच्या बाजूले नेत होती, धूर लागते म्हनून. दिवाळीचे फटाके फोडाले आमाले पार नाल्यावर पाठवे. लोकं हसत. तू म्हने, तुमच्या घरी बाळतीन असली त तुमी फटाके फोडता का?

अन् मी आली होती तो दिवस आठवते का तुले? भातकुलीच्या स्टँडवर उतरून पायी येतो मी, चार महिन्याची पोरगी काखेत, ती तापानं फनफनलेली. तू मांगच्या चुलीपाशी भाकर थापून राहिली. माह्या पाठीवरचे वळ पाहते, पानी गरम करून शेकते. रातच्याले पोरगी तुह्याच कुशीत झोपते. मले वाटते, आता मी राहतो. तिसऱ्या दिवशी सकाळी माही थैली दारात भरून ठेवलेली. वर भाकरी, लोनचं. तू म्हनते, "जास्त दिवस राहिलं का लोकं बोट दाखवतात. जाय आता." मी थैली उचलली तवा वर चिंचेवर पिल्लं कलकल करत होती.

गेली मी. जन्म काढला त्याच नवऱ्याजवळ. मंग पोरगी तिच्या सासरी गेली, तो मेला, तू मेली, भाऊ अमरावतीले राहाले गेला, घर रिकामं पडलं म्हनून मी आली. तू गेल्यावर मले माहेरी राहाले भेटलं, माय.

आता भावाले चिंच कापाची हाय. तिथं दुकानाचे गाळे काढू म्हनते. कॅमेऱ्यावाल्याइले भिंतीवर पक्ष्याइचा बोर्ड लावाचा हाय. एकदा बोर्ड लागला का झाडाले हात लावता येनार नाही, म्हनून भावाले घाई. घर आमा बहीन-भावाच्या नावावर, माह्या होकाराबिगर दोघाइचंही अडलं. म्हनून दोघंही मले मोठ्या मायेनं बोलून राहिले.

मांगच्या रविवारी त्याइच्यातली एक पोरगी ओट्यावर चहा प्याली. अकोल्याची, बँकेत हाय. म्हने, "मावशी, आई खरंच असं म्हणायच्या? केवढं मोठं मन."

मी म्हटलं, "ढोकाइले म्हने."

तिले काही समजलं नाही. मी तिले अजून दोन बिस्कुटं देल्ली. तिचा काय दोष?

एक सांगून टाकतो. काल भावाले फोन केला, पिल्लाइले अजून उडता येत नाही, मशीन आनशीन त मी झाडाखाली खाट टाकून बसीन. तो चिडला, पन मानला. म्हने, ठीक हाय, पिल्लं उडाल्यावर कापू, पन रविवारी येतो, तुहा हो का नाही ते तोंडावर सांग. हे मी तुह्या शब्दाखातर केलं नाही. लेकरू पदरात असताना घराबाहेर निघनं कसं असते ते मले ठाऊक हाय, म्हनून केलं.

हा कागद टाकाची पेटी कुठं नाही. राहीन त्याच डब्याखाली, पेपराच्या बाजूले. पन जबाब मले पाहिजे. त्याइले पाखं फुटेपर्यंत राहू देल्लं, मले काहून नाही? सपनात येऊन सांग, नाही त काकीच्या तोंडून वदव, तिले तुह्या साऱ्या गोष्टी सांगता येतात. रविवारी भाऊ अन् ते कॅमेऱ्यावाले एकाच वक्ती दारात येतीन अन् मले कोनाले तरी परत पाठवा लागन. शनिवारी दिवा लागाच्या आत सांग.